चर्चमधली तबला-पेटी ‘अलीकडची’ नाही

‘पूर्वी चर्चमध्ये फक्त ऑर्गन वाजायचा, तबला-पेटी हे नवं फॅड,’ असं बरेचदा ऐकू येतं. मराठी ख्रिस्ती समाजापुरतं तरी हे खरं नाही. (पेटीही मुळात युरोपातलीच, ही आणखी गंमत!) देशी वळण इथे जुनंच: इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं येशूची कथा सांगणारं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालचं. अहमदनगरकडे एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं होत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांची भजनं आजही उपासनेत गातात. कॅथलिकांचा मिस्सा (मुख्य उपासना) मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (जगभरच्या बिशपांची सभा, १९६२–६५) लॅटिनमध्येच चाले. म्हणून वसईतल्या एखाद्या आजीला लॅटिन प्रार्थना पाठ, नातवाला मराठी गीतं. खरी नवलाई ड्रम, कीबोर्ड आणि पडद्यावर झळकणाऱ्या ओळींची. त्यावर नाक मुरडणाऱ्या अनेकांना ‘आपलं जुनं’ वाटतं, ते टिळकांचं भजनच.