स्प्रिंगचं सूत्र जुनं, पण तार कोणती?

पंचगंगेकाठच्या उसाला पाणी पाजणारं लिस्टर पद्धतीचं ऑइल इंजिन मिनिटाला ६५० फेरे घ्यायचं. इंजिन चार स्ट्रोकचं, म्हणून त्याचा व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला ३२५ वेळा उघडायचा. पुढे १५०० फेऱ्यांची इंजिनं आली आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग तासाला ४५ हजार वेळा दबू लागली. २२-२३ तासांत दहा लाख आवर्तनं! जुनी स्प्रिंग कॅलिपरने मापून कोल्हापूरच्या उद्यमनगरात 'अशीच करून द्या' म्हणणं तेव्हापासून धोक्याचं झालं. कॅलिपरने जाडी समजते. पोलाद कोणतं, ते नाही.

स्प्रिंग किती ताणली जाते आणि त्याला किती बळ लागतं यांचं प्रमाण इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवलं आणि १६७८ मध्ये उघड केलं. गुंडाळलेल्या स्प्रिंगचं ब्रिटिश पेटंट १७६३ चं, ट्रॅडवेलचं. पण सूत्र हाती असूनही भरवशाची स्प्रिंग होईना, कारण पोलादच एकजिनसी नव्हतं. डॉनकॅस्टरच्या बेंजामिन हंट्समनला घड्याळांच्या स्प्रिंगांनी हैराण केलं, म्हणून त्याने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. मला स्प्रिंगच्या इतिहासातलं खरं वळण हेच वाटतं. त्यानंतर १८५४ मध्ये बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलने तारेच्या 'पेटंटिंग' प्रक्रियेचं पेटंट घेतलं. आज ही प्रक्रिया साधारणपणे अशी होते: तार लालभडक तापवून वितळलेल्या शिशात थंड करायची, मग थंडच ओढून बारीक करायची. पियानोसाठी लागणारी ही चिवट तार पुढे कारखान्यांची झाली.

हिशेबातली उरलेली मोठी चूक १९२९ मध्ये वेस्टिंगहाउसच्या ए. एम. वॉल यांनी दुरुस्त केली. तार वाकल्यामुळे वेटोळ्याच्या आतल्या कडेला ताण जास्त येतो, तो त्यांच्या गुणकात धरला जातो. वेटोळ्याचा व्यास तारेच्या चौपट असेल, तर हा ताण साध्या हिशेबापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त निघतो. म्हणून तडा बहुधा वेटोळ्याच्या आतल्या कडेपासून सुरू होतो.

आता एक गैरसमज. स्प्रिंग मऊ पडली की 'चांगलं पोलाद वापरा' असं सांगितलं जातं. पण स्टेनलेस सोडलं तर स्प्रिंगच्या सगळ्या कार्बन आणि मिश्र पोलादांचा कातर-गुणांक, म्हणजे पिळाला होणारा विरोध सांगणारा आकडा, जवळपास सारखाच असतो, सुमारे ८० गिगापास्कल. तेव्हा यांतलं एक सोडून दुसरं पोलाद घेतल्याने कडकपणा बदलत नाही. तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो: ४ मिमीची तार ३.८ झाली की कडकपणा सुमारे साडेअठरा टक्क्यांनी उतरतो. पोलाद बदलल्याने इतकंच होतं की स्प्रिंग किती ताण सोसेल आणि 'बसायला', म्हणजे कायमची आखूड व्हायला, किती वेळ घेईल, हे बदलतं.

म्हणूनच साध्या, कमी आवर्तनांच्या कामाला थंड ओढलेली कार्बन पोलादाची तार पुरते. व्हॉल्व्हसाठी तेलात पाणी दिलेली, म्हणजे तापवून तेलात विझवून कडक केलेली, क्रोम-व्हॅनेडियम किंवा क्रोम-सिलिकॉन तार घ्यावी आणि शॉट पीनिंग, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा, हेही करून घ्यावं. त्याने पृष्ठभागावर दाबाचा ताण राहतो आणि तडा लवकर उघडत नाही. ओल्या जागी स्टेनलेस चालतं, मात्र त्याचा कातर-गुणांक सुमारे ७० गिगापास्कल असल्याने तीच मापं ठेवली तर स्प्रिंग मऊ निघते. झिंक प्लेटिंग करायचं असेल तर त्यानंतर लगेच भट्टीत तापवून प्लेटिंगमध्ये तारेत शिरलेला हायड्रोजन काढून टाकावाच लागतो, नाहीतर कडक तार विनाकारण तुटल्यासारखी तुटते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत स्प्रिंगची ऑर्डर देताना जाडी, व्यास आणि वेटोळ्यांच्या शेजारी तारेची प्रत आणि अपेक्षित आवर्तनंही लिहावीत.