दुभाजकातला ‘आयरिस’ नेमका कोण?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या जुन्या बंगल्यांच्या कुंपणाशी आणि आता रस्त्यांच्या दुभाजकांतही तलवारीसारख्या पात्यांचे झुबके दिसतात. पावसाने उघडीप दिली की त्यांत फिकट पिवळी नाहीतर पांढरी-निळी फुलं डोकावतात. रोपवाटिकेत विचारा, उत्तर ठरलेलं: ‘आयरिस आहे, घेऊन जावा.’ बहुतेक वेळा तो आयरिस नसतो.

दाढीवाल्या, म्हणजे लोंबत्या पाकळ्यांवर केसांचा झुबका असलेल्या, खऱ्या आयरिसला कडक हिवाळा लागतो. काश्मिरात तो कबरींवरही फुलतो. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे आणि डिसेंबरात आपण स्वेटर काढतो, पण तेवढ्या गारव्यावर त्याचं भागत नाही. वर आपल्या पावसात त्याचे कंद कुजतात. म्हणून त्याची जागा उष्ण मुलखातल्या भाऊबंदांनी घेतली.

त्यांतला चिवट गडी म्हणजे डायटिस, मूळचा दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेचा. नावाचा अर्थच ‘दोन नातेवाईक असलेला’: एकीकडे आयरिस, दुसरीकडे त्याच घराण्यातला मोरिआ. फूल हातात घेऊन बघा. दाढीवाल्या आयरिसच्या तीन पाकळ्या उभ्या आणि तीन लोंबत्या असतात. डायटिसच्या सहाही जवळपास सपाट पसरतात. पिवळ्या जातीत त्यांतल्या तिघींच्या बुडाशी गडद तपकिरी ठिपका असतो. आजचं फूल उद्या नसतं, पण कळ्या एकामागून एक येत राहतात. एक झुबका फोडला की अनेक रोपं होतात, दरवर्षी लावणी नको, पाणी बेताचं. रस्त्याकडेची हिरवळ सांभाळणाऱ्याला याहून सोयीचं झाड कुठलं?

पांढऱ्या फुलात आतल्या तीन पाकळ्या निळ्या आणि गुंडाळलेल्या असतील, तर तो ब्राझीलचा निओमारिका. फूल गेलं की दांड्याच्या टोकाला पिल्लू धरतं, वजनाने वाकून मातीला टेकतं आणि तिथेच मुळं सोडतं. इंग्रजीत त्याला चालता आयरिस म्हणतात, ते उगाच नव्हे. कर्दळीचं मात्र या घराण्याशी काही नातं नाही.

नावांचा हा घोळ जुनाच. युरोपातल्या पिवळ्या पाणथळ आयरिसला, वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने ‘स्यूडॅकोरस’ म्हटलं, म्हणजे खोटं वेखंड! बाळगुटीतलं आपलं वेखंड, कन्नड शेजाऱ्यांचं बजे, पात्यांवरून खरंच तसं दिसतं. चुरगळून वास घेतला की संशय फिटतो.

खुद्द लिनियसही फसला. केशरी, लाल ठिपक्यांच्या एका फुलाला त्याने १७५३ साली दोन वेगळी नावं दिली, आणि त्यांतल्या एका नावाने तर ते ऑर्किडांत नेऊन बसवलं. पुढे त्याला मिळालेलं ‘बेलमकांडा’ हे नाव मलबारी बोलीतलं, ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या जुन्या ग्रंथातून आलेलं. याच ग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या वैद्यांचं १६७५ चं कोकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलं आहे. खानापूरचा घाट उतरलं की ऐकू येते तीच भाषा.

हे फूल परसात असतं, बोंड फुटलं की आत तुतीसारखे काळे दाणे चिकटलेले दिसतात. त्याला कोणी आयरिस म्हणत नाही. २००५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते आयरिस वंशात घातलं.