लोकशाहीप्रसार

परराष्ट्र धोरणाचे एक उद्दिष्ट. दुसऱ्या देशात लोकनिर्वाचित शासन, स्वतंत्र न्यायव्यवस्था व नागरी स्वातंत्र्ये रुजावीत यासाठी एखाद्या राज्याने केलेल्या प्रयत्नांना ही संज्ञा लावतात. सशर्त आर्थिक साहाय्य, राजनैतिक दबाव, मान्यता नाकारणे, निवडणूक-निरीक्षण आणि प्रसंगी लष्करी हस्तक्षेप ही त्याची साधने होत.

या कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पेलोपनीशियन युद्धात (इ.स.पू. ४३१–४०४) अथेन्सने इतर नगरराज्यांतील लोकपक्षांना व स्पार्टाने अल्पजनसत्तेच्या पुरस्कर्त्यांना पाठबळ दिल्याचे ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीझ नोंदवतो, त्यामुळे काही अभ्यासक तिचा आरंभ तेथवर नेतात, पण त्यामागे तत्त्वापेक्षा मित्रराज्ये हाताशी ठेवण्याची निकड अधिक दिसते. फ्रान्सच्या राष्ट्रीय कन्व्हेन्शनने (क्रांतिकाळातील निर्वाचित सभेने) १९ नोव्हेंबर १७९२ रोजी स्वातंत्र्य परत मिळवू पाहणाऱ्या सर्व लोकांना बंधुभाव व साहाय्य देऊ केले, हा अधिक स्पष्ट पूर्वाधार होय. मात्र पुढच्याच एप्रिलमध्ये त्याच सभेने इतर देशांच्या कारभारात ढवळाढवळ न करण्याचे जाहीर केले. बहुतेक संदर्भग्रंथ अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या २ एप्रिल १९१७ च्या भाषणापासून सुरुवात करतात. जग लोकशाहीसाठी सुरक्षित केले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. सारे जग लोकशाहीवादी करावे, असे नाही, आणि या भेदावर बोट ठेवणाऱ्यांचे म्हणणे शब्दार्थाला धरून आहे. तरीही मेक्सिकोत बळाने सत्तेवर आलेल्या सेनानी वेर्ता यांच्या शासनाला विल्सन यांनी १९१३ पासून मान्यता नाकारली होती आणि १९१४ मध्ये व्हेराक्रूझ बंदरात सैन्य उतरवले होते. म्हणून शब्दापेक्षा कृतीच्या आधारे त्यांच्यापासून आरंभ धरणे सयुक्तिक वाटते.

विल्सन यांच्या घोषणांची मर्यादा भारताला लवकर कळली. लोकमान्य टिळकांनी १९१९ मध्ये पॅरिस शांतता परिषदेच्या वेळी फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो व विल्सन यांच्याकडे स्वयंनिर्णयाची मागणी पत्राद्वारे मांडली, परंतु परिषदेने हा प्रश्न हाती घेतला नाही. डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने शांततामय व न्याय्य मार्गांनी स्वराज्यप्राप्ती हे ध्येय स्वीकारले आणि त्याबरोबरच लंडनमधील आपली ब्रिटिश समिती व तिचे ‘इंडिया’ हे वृत्तपत्र बंद करण्याचे ठरवले. या दुसऱ्या निर्णयाची दखल सहसा घेतली जात नाही. परक्या लोकमतावरची भिस्त सोडल्याची ती खूण म्हणून तो महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरचे जर्मनी व जपान ही यशाची नेहमीची उदाहरणे होत. अमेरिकेत १९८३ मध्ये ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी’ स्थापन झाली; युरोपीय संघाने १९९३ मध्ये सदस्यत्वासाठी लोकशाहीची अट घातली. २००३ च्या इराक युद्धाने या धोरणाच्या नैतिक अधिष्ठानाला मोठा तडा गेला.

भारतीय संविधानाचा अनुच्छेद ५१ आंतरराष्ट्रीय शांततेच्या संवर्धनाविषयी बोलतो, लोकशाहीप्रसाराविषयी नाही. भारत व चीन यांच्यातील १९५४ च्या करारातील पंचशील तत्त्वांत तर अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे हे स्वतंत्र कलमच आहे. अपवाद म्हणून ब्रह्मदेशाकडे पाहता येते. १९८८ मध्ये तेथील लोकशाही आंदोलनाला भारताने उघड पाठिंबा दिला, तेव्हा परराष्ट्रमंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव. कायद्याचे शिक्षण नागपुरात घेतलेले राव त्या वेळी नागपूर जिल्ह्यातील रामटेकचे खासदारही होते. पुढे ते पंतप्रधान असतानाच परराष्ट्र सचिव १९९३ मध्ये रंगूनला गेले व १९९४ मध्ये लष्करी राजवटीशी सीमाव्यापाराचा करार झाला. ईशान्येतील बंडखोरी आणि चीनचा वाढता प्रभाव ही त्याची कारणे सांगितली जातात. त्यांपैकी पहिले अधिक निकडीचे असावे.

त्यानंतर भारताने मागणीनुसार साहाय्य देण्याचा मार्ग पत्करला. संयुक्त राष्ट्रांच्या २००५ च्या लोकशाही निधीला त्याने आरंभीच देणगी दिली, निवडणूक आयोग परदेशी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देतो, आणि काबूलमधील संसद भवन भारताने बांधून दिले. त्याचे उद्घाटन डिसेंबर २०१५ मध्ये झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानच्या हाती सत्ता गेल्यापासून तेथे निर्वाचित संसद नाही.