पार्श्वभूमी : खासगी कंपनी आणि गुंतवणूक संस्थेचा प्रवेश

पुण्यात डॉ. चारुदत्त आपटे यांनी उभारलेल्या सह्याद्री हॉस्पिटल्समधील बहुसंख्य हिस्सा २०१९ मध्ये एव्हरस्टोन या गुंतवणूक संस्थेने घेतला, २०२२ मध्ये तो कॅनडातील ऑंटारियो टीचर्स या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे गेला आणि २०२५ मध्ये मणिपाल समूहाने खरेदीचा करार जाहीर केला. कर्वे रस्त्यावरच्या रुग्णालयाची मालकी कॅनडातल्या निवृत्त शिक्षकांपर्यंत पोहोचावी, याची कल्पना चार दशकांपूर्वी कोणी केली नसती, कारण तेव्हाच्या कायद्यांत तशी वाटच नव्हती.

खासगी कंपनीचे शेअर बाजारात मिळत नाहीत. १९५६ च्या कंपनी कायद्याने तिच्या सभासदांची मर्यादा ५० ठेवली होती, २०१३ च्या कायद्याने ती २०० केली. शेअर हस्तांतरणावरील निर्बंध मात्र दोन्हीकडे कायम राहिले. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यानंतर भोसरी-चिंचवड परिसरात मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे जे कारखाने वाढले, त्यांपैकी अनेकांचे भागधारक एकाच घरातले होते. बाहेरचे भांडवल म्हणजे बँकेचे कर्ज, एवढाच अर्थ तेव्हा रूढ होता. उद्योगांसाठीची सरकारी परवाना पद्धत १९९१ मध्ये बहुतांशी संपली आणि त्यानंतरच परदेशी गुंतवणूक निधींना येथे खऱ्या अर्थाने पाय ठेवता आला.

तरीही अमेरिकेतला नमुना येथे उतरला नाही. तेथे केकेआर या गुंतवणूक संस्थेने आरजेआर नाबिस्को ही कंपनी सुमारे २५ अब्ज डॉलरला घेतली, ती मुख्यतः कर्जाच्या बळावर, आणि त्या कर्जाचा भार खरेदी केलेल्या कंपनीवरच पडला. भारतात शेअर खरेदीसाठी कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने बँकांना कडक मर्यादा घातल्या होत्या, तर पब्लिक कंपनीने स्वतःचेच शेअर घेण्यासाठी कोणाला पैसे पुरवण्यास कंपनी कायद्याची मनाई होती. त्यामुळे येथील निधींनी प्रामुख्याने स्वतःचे भांडवल घालून अल्पांश हिस्सा घेण्याचा मार्ग धरला. पुण्याच्या एमक्युअर फार्मास्युटिकल्समध्ये २००६ मध्ये ब्लॅकस्टोन आणि पुढे बेन कॅपिटल या गुंतवणूक संस्था आल्या, पण प्रवर्तक कुटुंबाच्या हातातले नियंत्रण गेले नाही. कंपनी २०२४ मध्ये शेअर बाजारात उतरली.

संपूर्ण ताबा देण्याची तयारी नंतर वाढली. पुढची पिढी कारखान्यात रमत नाही, हे त्याचे एक कारण. माझ्या मते तेच सर्वांत प्रबळ. अशा व्यवहारात आधी गोपनीयतेचा करार आणि टर्म शीट, म्हणजे मुख्य अटींचा मसुदा, होतो, मग ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे खरेदीपूर्वीच्या तपासणीत, हिशेब, करथकबाकी, कामगारांचे दावे यांची छाननी होते. भूखंड एमआयडीसीचा असेल तर तो बहुधा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, म्हणून त्या पट्ट्याच्या अटीही बारकाईने तपासल्या जातात. किंमत साधारणतः व्याज, कर आणि घसाऱ्यापूर्वीच्या नफ्याच्या पटीत ठरते, आणि जुन्या देण्यांची हमी म्हणून तिचा काही भाग एस्क्रो खात्यात, म्हणजे त्रयस्थाकडच्या खात्यात, अडकवून ठेवण्याची पद्धत आहे. संस्थापकाला काही वर्षे स्पर्धक व्यवसाय न करण्याची अट घातली जाते. अनेकदा तोच पगारी व्यवस्थापक म्हणून त्याच केबिनमध्ये बसतो. निधीची मुदत मात्र ठरलेली असते, त्यामुळे खरेदी होतानाच पुढच्या विक्रीचा हिशेब मांडलेला असतो. सह्याद्रीची मालकी इतक्या लवकर बदलली, त्यामागे हेही एक कारण असावे.