‘डर्टी हॅरी’च्या हातात नेमकं काय होतं?

1971 च्या ‘डर्टी हॅरी’ या सिनेमात हॅरी हा पोलीस साकारणारा क्लिंट ईस्टवुड एका गुंडावर बंदूक रोखून, ती जगातली सर्वांत ताकदवान हँडगन असल्याचं सांगतो, आणि पन्नासहून जास्त वर्षं लोक ते खरं मानून बसलेत.

ती बंदूक म्हणजे स्मिथ अँड वेसन कंपनीचं मॉडेल 29, .44 मॅग्नम काडतूस वापरणारं. पिस्तूल नव्हे, रिव्हॉल्वर! हॅरीने सहा गोळ्या झाडल्या की पाच, म्हणजे बंदुकीत एक उरली आहे की नाही, हा त्या प्रसंगाचा सगळा ताणच सहा घरांच्या फिरत्या चक्रावर उभा आहे.

दुकानात सहज मिळणाऱ्या हँडगनपुरता हॅरीचा दावा तेव्हा जवळपास बरोबर होता. पण .454 कसूल हे जास्त जोरदार काडतूस 1950 च्या दशकातच तयार झालं होतं. फक्त त्याची कारखान्यात बनलेली रिव्हॉल्वर बाजारात यायला 1983 उजाडलं. 2003 मध्ये तर स्मिथ अँड वेसननेच .500 मॅग्नम हे काडतूस आणून हॅरीला मागे टाकलं.

आणि गोळी लागताच माणूस मागे उडतो, ही निव्वळ सिनेमाची करामत. साधारण साडेपंधरा ग्रॅमची गोळी सत्तर किलोच्या माणसाला सेकंदाला जेमतेम दहा सेंटिमीटरचा धक्का देते. नाहीतर झाडणाराही उलट्या दिशेला उडाला नसता का?