पाथ हलला की कॉपी झाला? मूव्ह टेस्टची पार्श्वभूमी

मूव्ह टेस्ट म्हणजे पाथ दुसरीकडे देताना आतला मजकूर खरंच हलला की गुपचूप कॉपी झाला, हे तपासणारी चाचणी. सी++ या प्रोग्रामिंग भाषेत फाइलच्या पत्त्यासाठी ‘पाथ’ हा वेगळा टाइप रुळला तो बूस्ट या लायब्ररी-संचामुळे. बीमन डॉज यांची फाइलसिस्टम लायब्ररी २००३ साली बूस्ट १.३० मध्ये आली. तेव्हा भाषेत मूव्ह, म्हणजे कॉपी न करता आतली मेमरी नव्या ऑब्जेक्टकडे सोपवणं, नव्हतंच, पाथ दुसरीकडे द्यायचा म्हणजे आतली स्ट्रिंग कॉपी करायची. हॉवर्ड हिनंट आणि सहकाऱ्यांचा मूव्हचा प्रस्ताव २००२ चा, पण तो भाषेच्या अधिकृत मानकात उतरला २०११ ला. फाइलसिस्टमची वाट आणखी लांबली: २०१५ ला आयएसओची टेक्निकल स्पेसिफिकेशन, मग सी++१७ हे २०१७ चं मानक.

मानकाची मागणी थोडकी आहे. नव्या पाथमध्ये मूळ मजकूर जसाच्या तसा हवा आणि मूव्ह कन्स्ट्रक्टर (हलवून नवा पाथ बनवणारं फंक्शन) नोएक्सेप्ट, म्हणजे एक्सेप्शन न फेकण्याची हमी देणारा, हवा. तो तसा नसेल तर व्हेक्टर (वाढत जाणारी यादी) मोठा होताना पाथ हलवण्याऐवजी कॉपी होतात. जुना पाथ वैध राहतो, पण त्यात काय उरेल ते ठरलेलं नाही. जीसीसी या कंपायलरची लायब्ररी तो रिकामा करते, म्हणून ‘रिकामा आहे’ अशी अट टेस्टमध्ये घालणं हा आळस झाला.

खरी मेख मेमरीत आहे. मेमरी मागणाऱ्या ग्लोबल न्यू ऑपरेटरवर मोजणी लावायची आणि मूव्हदरम्यान आकडा शून्य राहतो का पाहायचं. मात्र छोटी स्ट्रिंग ऑब्जेक्टच्या आतच मावते: ६४ बिटवर जीसीसीकडे १५ बाइट, लिबसी++ या दुसऱ्या लायब्ररीकडे २२. एवढ्यात मावलेला पाथ चुकून कॉपी झाला तरी मोजणी शून्यच, टेस्ट पास! लिबसी++ च्या टेस्टमध्ये म्हणूनच मुद्दाम लांबलचक वाक्य दिलेलं आहे.

देवनागरीत हा हिशेब डोळ्यांना फसवतो. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक अक्षर ३ बाइटचं, आणि प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हेही वेगळं ३ बाइटचं चिन्ह. ‘नाशिक’ बरोबर १५ बाइट, म्हणजे जीसीसीत काठोकाठ. ‘पंचवटी’ १८: जीसीसीत कॉपी पकडली जाते, लिबसी++ मध्ये निसटते. ‘त्र्यंबकेश्वर’ ३९, दोन्हीकडे कॉपी पकडली जाते. विंडोजवर पाथ वाइड कॅरेक्टरचा असतो आणि मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत ७ च आत मावतात. १३ चिन्हांचं त्र्यंबकेश्वर तिथेही पुरतं.

पाथ कॉन्स्ट (न बदलता येणारा) असेल तर मूव्ह लिहूनही गुपचूप कॉपीच होते. तात्पुरत्या पाथपासून थेट नवा बनवला तर सी++१७ मध्ये मूव्ह कन्स्ट्रक्टर बोलावलाच जात नाही. आधी नाव दिलेला पाथ हवा. आणि मायक्रोसॉफ्टच्या डीबग बिल्डमध्ये (चुका शोधण्यासाठीच्या आवृत्तीत) इटरेटर, म्हणजे मजकुरातल्या जागा दाखवणारे दर्शक, तपासण्यासाठी मूव्हलाही थोडी मेमरी लागते, त्यामुळे शून्याची अट तिथे रिलीज बिल्डवरच लावावी.