गव्हर्नरसाहेबांना पत्रास कारण की: नॉर्थ कॅरोलायनातली युद्धकाळातली पत्रं आणि अर्ज (१८६२–६५)

अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१–६५) चालू असताना तिथल्या राज्यांच्या गव्हर्नरांकडे साध्या लोकांची पत्रं यायची, आणि ती ढिगाने यायची. मीठ पाठवा, नवऱ्याला रजा द्या, आमचा लोहार परत करा, शेजारचा माणूस दारू गाळतो त्याला आवरा, पोराला फाशी माफ करा, असं सगळं त्यात असायचं. हा प्रकार उत्तरेत होता तसाच दक्षिणेत होता. इथे मुख्यतः नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर झेब्युलन बेअर्ड व्हान्स यांच्याकडे आलेल्या पत्रांची माहिती दिली आहे, कारण हा साठा मोठा आहे, नीट जपलेला आहे आणि खरं सांगायचं तर वाचायला सगळ्यात जिवंत आहे. शेवटी थोडं केंटकीबद्दल आहे, तिथली गंमत (आणि भीषणपणा) वेगळी आहे.

व्हान्स डोंगराळ पश्चिम भागातल्या बंकम काउंटीतले (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). युद्धाच्या सुरुवातीला ते २६व्या नॉर्थ कॅरोलायना रेजिमेंटचे कर्नल होते, मग ऑगस्ट १८६२ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकली आणि सप्टेंबरमध्ये राली या राजधानीत जाऊन बसले. वय फक्त ३२. शिपायांमध्ये राहिलेला, विनोद करणारा, आपल्यातलाच माणूस अशी त्यांची इमेज होती, त्यामुळे लोकांना वाटायचं की याला लिहिलं तर हा वाचेल. आणि तो वाचायचा. पत्राची घडी घालून पाठीवर नाव, तारीख, विषय टाकायची तेव्हाच्या ऑफिसात पद्धत होती, त्यातल्या बऱ्याच पत्रांच्या पाठीवर व्हान्स यांचे स्वतःचे दोन ओळींचे शेरे आहेत, खाली ‘झेड. बी. व्ही.’ अशी आद्याक्षरं. म्हणजे आपल्याकडे साहेब अर्जावर शेरा मारून फाइल खाली पाठवतात ना, अगदी तेच, फक्त वरून तोफांचा आवाज.

आता एवढी पत्रं का, हे कळायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. १६ एप्रिल १८६२ ला दक्षिणेच्या कॉन्फेडरेट सरकारने सक्तीची भरती सुरू केली, आधी १८ ते ३५ वयाचे गोरे पुरुष, सप्टेंबरमध्ये वरची मर्यादा ४५, आणि फेब्रुवारी १८६४ मध्ये तर १७ ते ५० पर्यंत सगळेच. शिपायाचा पगार महिन्याला ११ डॉलर, आणि तोही वेळेवर मिळेल याची खात्री नाही, उलट नोटा छापून छापून भाव असे चढले की ११ डॉलरमध्ये घर चालणं अशक्य. नॉर्थ कॅरोलायनात बहुतेक घरं छोट्या शेतकऱ्यांची, नांगर धरणारा माणूसच गेला की पीक गेलं. त्यात ऑक्टोबर १८६२ मध्ये कायदा आला की ज्या मळ्यावर २० किंवा जास्त गुलाम आहेत तिथे एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट. यावर लोक काय बोलले असतील ते सांगायला नको. युद्ध श्रीमंतांचं आणि मरायचं गरिबांनी, हे तेव्हा तिकडे सर्रास बोललं जायचं. पुढे एप्रिल १८६३ ला शेतमालाचा दहावा हिस्सा कर म्हणून धान्याच्या रूपातच उचलायला सुरुवात झाली, मग तर विचारूच नका.

आणि मीठ. हे आज वाचताना विचित्र वाटतं पण मिठाशिवाय डुक्कर कापून उपयोग नाही, मांस टिकत नाही, आणि खारवलेलं डुकराचं मांस हेच तिथल्या गरिबाचं वर्षभराचं खाणं. उत्तरेच्या आरमाराने बंदरं अडवली आणि बाहेरून येणारं मीठ तुटलं. राज्य सरकारने विल्मिंग्टनजवळ समुद्राचं पाणी आटवायचे कारखाने काढले, व्हर्जिनियातल्या सॉल्टव्हिलला माणसं बसवली, काउंटीप्रमाणे वाटप ठरवलं, तरी पुरेना. जानेवारी १८६३ मध्ये मॅडिसन काउंटीत युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूच्या डोंगरी लोकांनी मार्शल गावावर धाड घातली ती मुळात मिठासाठीच, आणि त्याचा सूड म्हणून सैन्याने शेल्टन लॉरेल खोऱ्यात १३ पुरुष आणि पोरं पकडून गोळ्या घातल्या. व्हान्स यांनी चौकशी लावली, वकिलाकडून रिपोर्ट मागवले, चिडून वर लिहिलं. शिक्षा मात्र कुणाला झाली नाही. (याच नाकेबंदीचं दुसरं टोक आपल्या घरात आहे: अमेरिकेचा कापूस अडकला म्हणून खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचा धुमाकूळ झाला आणि १८६५ ला युद्ध संपताच सगळं आपटलं. तिकडची बाई मिठासाठी पत्र लिहीत होती तेव्हा इकडे लोक बॅकबेच्या शेअरवर बोली लावत होते.)

पत्रांचा साचा साधारण ठरलेला. आधी माफी: आपल्यासारख्या मोठ्या माणसाला लिहायचं धाडस करते, चूकभूल द्यावी. मग ओळख: मी गरीब बाई, नवरा अमुक रेजिमेंटमध्ये, पोरं इतकी, सगळ्यात मोठं अमुक वर्षांचं. मग हिशेब. हा हिशेबाचा भाग मला सगळ्यात भारी वाटतो, कारण मक्याचा भाव काय, माणसाला मजुरी किती, ११ डॉलरमध्ये किती बुशेल (धान्याचं तिकडचं माप) येतात, हे सगळं बाई एका दमात मांडते, पूर्णविराम नाही, स्पेलिंग कानाला ऐकू येईल तसं, आणि तरी गणित कुठे चुकत नाही. शेवटी मागणी, आणि मागणीच्या मागे बारीकशी धमकी. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी शेजाऱ्याकडून लिहून घेतलं आणि खाली फुलीची खूण केली. कागदाचा इतका दुष्काळ की जुन्या हिशेबाच्या वह्यांतली कोरी पानं फाडली जायची, आलेलं पाकीट उलटं करून परत चिकटवलं जायचं. वर टपाल १० सेंट, जुलै १८६२ पासून कुठेही पाठवा तेवढंच.

वैयक्तिक पत्रांसोबत गावाचे सामूहिक अर्ज येत, खाली सह्यांची रांग. यांचा विषय बहुतेक वेळा एखादा माणूस: आमचा गिरणीवाला नेला, आता दळण कुठे आणायचं, आमचा एकुलता एक लोहार नेला, नांगराच्या फाळाला धार कोण लावणार, पंचक्रोशीत डॉक्टर उरला नाही. भरतीच्या कायद्यात गिरणीवाले, लोहार, कातडी कमावणारे, डॉक्टर, मीठ बनवणारे अशांना सूट होती, त्यामुळे अचानक मिठाच्या कारखान्यात काम करायला लोकांची झुंबड उडाली, हेही खरं. क्वेकर पंथाच्या लोकांचा प्रश्न वेगळा, त्यांच्या धर्मात शस्त्र धरायलाच मनाई. त्यांना ५०० डॉलर भरून सूट मिळायची, पण कित्येकांना तोही पैसा नको होता कारण तो युद्धातच जाणार. तेही अर्ज करत.

अडचण अशी की भरती हा विषय गव्हर्नरच्या हातातच नव्हता. तो रिचमंड या दक्षिणेच्या राजधानीतल्या केंद्र सरकारचा, त्यांचे अधिकारी, त्यांचे नियम. राज्याचे अधिकारी, मिलिशियाचे (राज्याच्या स्थानिक फौजेचे) ऑफिसर वगैरे ‘राज्याला आवश्यक’ म्हणून वाचवता यायचे, तेवढाच काय तो व्हान्स यांचा अधिकार (आणि त्यामुळे बारीकसारीक सरकारी पदांसाठीही अर्जांची रीघ). बाकीच्यांना उत्तर जायचं की मला वाईट वाटतं, पण हे माझ्या अखत्यारीत नाही. म्हणून पत्रं वाया गेली का? तसं नाही. राज्याने दारू गाळायला धान्य वापरायला बंदी घातली, शिपायांच्या कुटुंबांसाठी पैसे मंजूर केले, स्कॉटलंडहून घेतलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स’ नावाच्या जहाजाने नाकेबंदी चुकवून कापड आणि कापूस पिंजायची कार्डं आणवली. कार्ड म्हणजे तारेचे बारीक दात असलेली लाकडी फळी. ती नसेल तर घरी सूत निघत नाही आणि सूत नाही तर अंगावर कपडा नाही, आणि पत्रांत या कार्डांची मागणी सारखी येते.

घोडदळाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. पश्चिमेकडच्या काउंटींत सैन्याने घोडी चरायला पाठवली, त्या घोडेस्वारांनी लोकांचं धान्य-गुरं लुटली, तक्रारी रालीला. व्हान्स यांनी २१ डिसेंबर १८६३ ला युद्धमंत्री सेडन यांना पत्र लिहिलं, त्याचा आशय असा की बायबलमधल्या देवाने फॅरोसाठी (इजिप्तच्या राजासाठी) इजिप्तवर सोडलेल्या संकटांहून भयंकर असं आणखी एखादं संकट राखून ठेवलं असतं, तर ते म्हणजे अर्धवट शस्त्रं आणि अर्धवट शिस्त असलेल्या कॉन्फेडरेट घोडदळाची एखादी रेजिमेंटच असणार. गव्हर्नरही वरच्या साहेबाकडे तक्रारच करत होता, फक्त भाषा जरा झणझणीत.

सगळी पत्रं काही हात जोडलेली नव्हती. फेब्रुवारी १८६३ मध्ये ब्लेडन काउंटीतून एक पत्र आलं, खाली सही ‘रेग्युलेटर्स’ अशी, तीही चुकीच्या स्पेलिंगने. (हे नाव साधं नाही, १७६० च्या दशकात ब्रिटिश अमलात याच राज्यातल्या शेतकऱ्यांनी भ्रष्ट अधिकाऱ्यांविरुद्ध बंड केलं त्यांचं ते नाव.) पत्रात सरळ लिहिलंय की आता आम्हा सामान्यांना भाकर तरी हवी नाहीतर रक्त, बायका-पुरुष दोघेही मिळवू किंवा मरू. महिनाभरात, १८ मार्च १८६३ ला, सॉल्झबरी गावात शिपायांच्या बायकांचा घोळका कुऱ्हाडी घेऊन दुकानदारांच्या आणि रेल्वेच्या गोदामाच्या दारात उभा राहिला. पीठ सरकारी भावाने द्या, एवढीच मागणी. दार उघडेना तेव्हा कुऱ्हाडी चालल्या. एका दुकानदाराने त्याच दिवशी गव्हर्नरला तक्रार लिहिली. तीन दिवसांनी त्या बायकांपैकी एकीनेही लिहिलं! आम्ही सगळ्या शिपायांच्या बायका किंवा आया, पोटाला काही नाही, दुकानदार साठेबाजी करतात, आम्ही पीठ, मीठ, काकवी आणि थोडे पैसे मिळवले आणि आपसात सारखे वाटून घेतले, असा तिचा खुलासा. चोरी केली असं तिला कुठेही वाटत नाही, उलट वाटपाचा हिशेब ती गव्हर्नरला सादर करते.

माझ्या मते या सगळ्या ढिगाची किंमत इथे आहे. या बायकांना मत नव्हतं, ते मिळायला अजून जवळपास साठ वर्षं होती, पण ‘शिपायाची बायको’ म्हणून त्यांनी सरकारकडे वसुली लावली: तुम्ही माझा माणूस नेलात, आता माझं घर चालवा. आणि नाही चालवलंत तर मी त्याला पत्र लिहीन की निघून ये. सैन्यातून पळून येणाऱ्यांचं प्रमाण नॉर्थ कॅरोलायनात मोठी डोकेदुखी होतीच, त्यामुळे ही धमकी पोकळ नाही हे व्हान्सना चांगलं कळत होतं.

आता या साठ्यात कोण नाही तेही बघायला हवं. १८६० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ९,९२,६२२ आणि त्यात गुलाम ३,३१,०५९, म्हणजे तिघांत एक. त्यांचा आवाज व्हान्सच्या फाइलीत जवळपास नाहीच. ते येतात ते मालकांच्या पत्रांत, विल्मिंग्टनच्या तटबंदीवर वेठीला नेलेली आमची माणसं परत करा, कापणीचे दिवस आहेत, अशा मालमत्तेच्या भाषेत.

केंटकीत चित्र थोडं वेगळं. हे राज्य युनियनमध्ये राहिलं पण गुलामगिरी तिथे डिसेंबर १८६५ पर्यंत कायदेशीरच होती, आणि काही काळ गव्हर्नरसुद्धा दोन. कॉन्फेडरेट बाजूच्या रिचर्ड हॉज यांचा केंटकीची राजधानी फ्रँकफर्टला ४ ऑक्टोबर १८६२ रोजी शपथविधी झाला आणि युनियनच्या तोफा जवळ आल्या म्हणून त्याच दिवशी पळावं लागलं, त्यांच्याकडे अर्ज करायला कुणाला फारसा वेळच मिळाला नाही. खऱ्या गव्हर्नरकडे आलेल्या अर्जांत दंडमाफी आणि शिक्षामाफीचे अर्ज खूप. त्यातलं एक प्रकरण कॅरोलाइन नावाच्या बाईचं: टेनेसीतली गुलाम, युनियन सैन्यामागोमाग लुइव्हिलला आली, तिथे एका घरात कामाला लावली, त्या घरातलं लहान मूल विषबाधेने गेलं आणि कोर्टाने तिला फाशी सुनावली. घरात विष आधीच आणलेलं होतं, हा अपघात असू शकतो असा तिच्या बाजूच्या अर्जांचा सूर, आणि गव्हर्नर जेम्स रॉबिन्सन यांनी १८६३ मध्ये तिला माफी दिली. आता हे कागद केंटकीच्या इतिहास संस्थेने ऑनलाइन आणलेत. व्हान्स यांचे रालीच्या राज्य अभिलेखागारात आहेत, निवडक पत्रांचा पहिला छापील खंड १९६३ मध्ये निघाला.

१८६४ ची निवडणूक व्हान्स यांनी विल्यम होल्डन या तहवादी संपादकाला मोठ्या फरकाने हरवून जिंकली. १३ एप्रिल १८६५ ला उत्तरेचे सेनापती शर्मन यांचं सैन्य रालीत शिरलं. बरोबर महिन्याने, व्हान्स यांच्या ३५व्या वाढदिवशी, त्यांना अटक करून वॉशिंग्टनच्या ओल्ड कॅपिटल तुरुंगात टाकलं, आणि राज्याचे हंगामी गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली होल्डन यांची. मग तुरुंगातून व्हान्स यांनीच एक अर्ज लिहिला, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना, माफीसाठी. उत्तर यायला मार्च १८६७ उजाडला.